आधी बाजू, मग मत

४ जून १९७५ रोजी लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये मार्गारेट थॅचर यांचं एक छायाचित्र टिपलं गेलं. हुजूर पक्षाच्या नेतेपदी येऊन त्यांना जेमतेम चार महिने झाले होते. अंगात स्वेटर आणि त्यावर युरोपीय आर्थिक समुदायाच्या नऊही सदस्य देशांचे झेंडे. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमध्ये सार्वमत होतं : समुदायात राहायचं की बाहेर पडायचं? थॅचरबाई ‘राहायचं’ हे सांगायला उभ्या होत्या.

त्या आठवड्यातले ब्रिटिश पेपर चाळले तर आजचा वाचक चक्रावून जाईल. ‘डेली मेल’, ‘डेली एक्स्प्रेस’, ‘द सन’, ‘डेली टेलिग्राफ’ हे सगळे युरोपच्या बाजूने. ‘डेली मिरर’, ‘गार्डियन’, ‘द टाइम्स’ही त्याच बाजूने. राष्ट्रीय दैनिकांपैकी ‘बाहेर पडा’ असं म्हणणारं होतं ते फक्त कम्युनिस्टांचं ‘मॉर्निंग स्टार’. साप्ताहिकांत ‘स्पेक्टेटर’ विरोधात होतं. वर्षाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत लोकांचा कल बाहेर पडण्याकडे होता, प्रत्यक्षात ६७.२ टक्के मतं ‘राहू या’ म्हणून पडली.

२३ जून २०१६ रोजी पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला तेव्हा ५१.९ टक्के लोकांनी ‘बाहेर’ म्हटलं. या वेळी ‘सन’, ‘मेल’, ‘एक्स्प्रेस’, ‘टेलिग्राफ’ हे चौघे बाहेर पडण्याच्या बाजूने हिरिरीने उतरले होते. दुसरीकडे, ज्या मजूर पक्षाच्या खास अधिवेशनाने एप्रिल १९७५ मध्ये जवळजवळ दोनास एक मतांनी बाहेर पडण्याचा ठराव केला होता, तो पक्ष आता अधिकृतपणे राहण्याच्या बाजूने होता. चाळीस वर्षांत दोन्ही बाजूंनी घरं बदलली होती.

याचं सोपं उत्तर असं की मधल्या काळात युरोपच बदलला. ते खोटं नाही. १९७५ चा समुदाय म्हणजे नऊ देशांची सामाईक बाजारपेठ. २०१६ चा महासंघ म्हणजे अठ्ठावीस देश, एकोणीस देशांचं एक चलन, मुक्त संचार आणि थेट निवडलेली संसद. पण युरोप एकच होता, तर त्याच्याकडे बघून एक बाजू दुरावली आणि त्याच वेळी दुसरी जवळ आली, हे कसं? ब्रिटनमध्ये युरोपचा हिशेब बहुतेक वेळा एकाच वहीत मांडला गेला : यातून घरच्या भांडणात आपल्या गटाचा फायदा होतो की समोरच्याचा?

साम्राज्याचे शिलेदार

ही सवय जुनी आहे. १९६१ साली हॅरल्ड मॅकमिलन यांच्या हुजूर सरकारने समुदायात प्रवेशासाठी पहिला अर्ज केला, तेव्हा सर्वांत कडवा विरोध ‘डेली एक्स्प्रेस’चा होता. या पत्राचे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक मूळचे कॅनडाचे, आणि ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांचा एकच व्यापारी गट व्हावा ही त्यांची हयातभराची मोहीम. युरोपच्या नादी लागणं म्हणजे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला वाऱ्यावर सोडणं, असं त्यांचं म्हणणं. तो अर्ज अखेर फ्रान्सच्या द गॉल यांनी जानेवारी १९६३ मध्ये उडवून लावला. पुढच्या वर्षी बीव्हरब्रुक गेले आणि ज्या साम्राज्यासाठी त्यांनी लेखणी झिजवली तेही आटोपत आलं होतं. एडवर्ड हीथ यांच्या हुजूर सरकारने १ जानेवारी १९७३ ला ब्रिटनला समुदायात नेलं तेव्हा ‘एक्स्प्रेस’ने जुळवून घेतलं.

मालकाची हौस हे एक कारण झालं, पण त्याहून बळकट कारण पक्षाचं होतं. सत्तरच्या दशकात युरोप हा हुजूर पक्षाचा प्रकल्प होता : उद्योगपतींना हवा असलेला, समाजवादाला वेसण घालणारा. विरोधात कोण होतं? टोनी बेन, मायकेल फूट, बार्बरा कासल हे मजूर पक्षातले डावे, कट्टर कामगार संघटना, आणि त्यांच्या जोडीला हुजूर पक्ष सोडून बाहेर पडलेले इनॉक पॉवेल. मध्यमवर्गीय ‘मेल’वाचकाला ही मंडळी बघूनच आपण कुठे उभं राहायचं ते कळत होतं. कराराची कलमं वाचायची गरजच नव्हती. मजूर पक्षाने तर १९८३ च्या जाहीरनाम्यात समुदायातून बाहेर पडण्याचंच आश्वासन दिलं. गंमत अशी की पुढे युरोपप्रेमी पंतप्रधान ठरलेले टोनी ब्लेअर याच जाहीरनाम्यावर पहिल्यांदा खासदार झाले.

बारा दिवसांची अदलाबदल

ही अदलाबदल नेमकी कधी झाली हे बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. ८ सप्टेंबर १९८८ रोजी बोर्नमथ या समुद्रकाठच्या गावी ब्रिटिश कामगार संघटनांची वार्षिक परिषद भरली होती. थॅचर सत्तेत येऊन नऊ वर्षं झालेली, खाण कामगारांचा वर्षभराचा संप मोडीत निघालेला, संघटनांचे अधिकार एकेका कायद्याने कापले गेलेले. अशा खचलेल्या सभागृहात पाहुणे म्हणून आले ब्रसेल्समधून समुदायाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाचे अध्यक्ष, फ्रेंच समाजवादी जॅक दलोर. त्यांनी सांगितलं की एकत्र बाजारपेठेबरोबर कामगारांचे हक्कही युरोपभर एकत्र येतील. सभागृहाने उठून टाळ्या वाजवल्या. लंडनमध्ये जे मिळत नव्हतं ते ब्रसेल्समधून मिळू शकतं, हे कामगार नेत्यांच्या ध्यानात आलं. कालपर्यंत ‘भांडवलदारांचा क्लब’ असलेला युरोप डाव्यांना अचानक आधाराचा वाटू लागला.

थॅचर यांनाही नेमकं तेच दिसलं. १२ दिवसांनी, २० सप्टेंबरला, बेल्जियममधल्या ब्रूज इथे त्यांनी भाषण केलं. सरकारचा हस्तक्षेप आम्ही ब्रिटनमध्ये मागे रेटला तो काही ब्रसेल्सच्या महासरकारकडून पुन्हा लादून घेण्यासाठी नाही, असा त्याचा आशय. त्याच भाषणात ब्रिटनचं भवितव्य युरोपातच आहे हेही त्यांनी म्हटलं होतं. पण ते वाक्य विरून गेलं आणि विरोधाचं तेवढं राहिलं. हुजूर पक्षात ‘ब्रूज गट’ या नावाने युरोपविरोधकांचं मंडळच उभं राहिलं.

मग वृत्तपत्रांचा सूर बदलायला वेळ लागला नाही. १ नोव्हेंबर १९९० च्या ‘सन’ने पहिल्या पानावर दलोर यांना उद्देशून शिवराळ यमक जुळवलेला मथळा छापला आणि वाचकांना आवाहन केलं की दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाराला फ्रान्सच्या दिशेने तोंड करून हीच घोषणा द्या. रोज सुमारे चाळीस लाख प्रती खपणारं पत्र होतं ते. त्याच दिवशी थॅचर यांचे उपपंतप्रधान जेफ्री हाउ यांनी युरोपच्या प्रश्नावर राजीनामा दिला आणि तीन आठवड्यांत स्वतः थॅचर यांनाही पायउतार होण्याची घोषणा करावी लागली. आपल्या नेत्याचा बळी युरोपप्रेमी सहकाऱ्यांनी घेतला, अशी सल उजव्या गटात रुतली. १६ सप्टेंबर १९९२ ला तर व्याजदर एकाच दिवसात १० वरून १५ टक्क्यांवर नेण्याची घोषणा करूनही पौंड सावरला नाही आणि ब्रिटनला युरोपीय विनिमय दर यंत्रणेतून बाहेर पडावं लागलं. त्या ‘काळ्या बुधवार’नंतर युरोपला विरोध ही हुजूर गटात निष्ठेची खूण बनू लागली.

काकडीचा बाक

सूर बदलला, पण रोजची बातमी कुठून आणायची? मंत्र्यांच्या परिषदा, कृषी अनुदानं, मापांचे नियम हा माल रटाळ. त्याला चव आणण्याचं काम ज्यांनी केलं त्यांत एक तरुण बातमीदार होता. एका बातमीत अवतरण स्वतःच्या मनाने घातल्याबद्दल ‘टाइम्स’ने त्याला काढून टाकलं होतं आणि १९८९ ते १९९४ या काळात तो ‘टेलिग्राफ’चा ब्रसेल्स प्रतिनिधी होता. नाव बोरिस जॉन्सन. मे १९९२ मध्ये ‘संडे टेलिग्राफ’मध्ये दलोर युरोपवर राज्य करू पाहताहेत अशा अर्थाची त्यांची ठळक बातमी आली. महिनाभराने डेन्मार्कने ५०.७ टक्के मतांनी समुदायाचा महासंघ करणारा मास्ट्रिक्ट करार फेटाळला. त्यात आपल्या बातमीचाही वाटा आहे, असं जॉन्सन पुढे सांगत. भिंतीपलीकडे दगड भिरकवावा आणि शेजारच्या काचघराचा खळ्ळकन आवाज ऐकावा तशी त्या दिवसांत मजा येत होती, हेही त्यांनी २००५ साली बीबीसी रेडिओवर कबूल केलं. काचघर होतं त्यांच्याच आवडत्या हुजूर पक्षाचं.

या बातम्यांची जात समजून घ्यायला एक नमुना पुरेसा आहे. ‘ब्रसेल्सने वाकड्या काकडीवर बंदी घातली’ ही गोष्ट ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं सांगितली गेली. १९८८ चा असा नियम खरोखर होता. पण तो काकडीची प्रतवारी ठरवणारा होता : वरच्या प्रतीच्या काकडीचा बाक दर दहा सेंटिमीटरला दहा मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. जास्त वाकडी असेल तर खालच्या प्रतीत विका. कारण अगदी व्यवहारी. सरळ काकड्या खोक्यात नीट बसतात आणि दुसऱ्या देशातल्या घाऊक व्यापाऱ्याला न बघता माल मागवता येतो. वाशी मार्केटमध्ये आंब्याची पेटी नंबरवारी लावून येते, त्यातलाच हा प्रकार. आयोगाने २००८ साली हे नियम रद्द करायचं ठरवलं तेव्हा निम्म्याहून अधिक सदस्य देशांनीच त्याला विरोध केला होता. व्यापाराला नियम सोयीचेच होते. २००९ मध्ये तो नियम गेला. गोष्ट मात्र गेली नाही.

केळ्याची कथाही तीच. १९९४ च्या नियमात केळं किमान १४ सेंटिमीटर लांब असावं आणि त्यात ‘अस्वाभाविक वक्रता’ नसावी, एवढं म्हटलं होतं. ‘वाकडी केळी बेकायदा’ असा त्याचा मथळा झाला. आयोगाचं लंडन कार्यालय अशा दंतकथांचे खुलासे वर्षानुवर्षं प्रसिद्ध करत राहिलं. त्यांचा परिणाम शून्य, कारण वाचकाला काकडीशी देणंघेणं नव्हतंच. आपल्या साध्या, सरळ माणसांना ते शहाणे अधिकारी छळताहेत, हा त्या गोष्टीतला खरा माल होता. खुलासा तथ्याचा, आणि विकली जात होती आपलेपणाची भावना. तिथे खुलासा काय कामाचा?

मालक, संपादक आणि वाचक

तरीही ‘पेपरवाल्यांनी लोकांना फितवलं’ हा निष्कर्ष घाईचा होईल. पेपर एकसुरी नव्हते आणि सर्वशक्तिमान तर नव्हतेच. रुपर्ट मर्डोक यांच्या ‘सन’ने १९९७ मध्ये ब्लेअर यांना पाठिंबा दिला. पण २४ जून १९९८ रोजी त्याच ‘सन’ने ब्लेअर यांचा मोठा फोटो छापून हाच ब्रिटनमधला सर्वांत धोकादायक माणूस आहे का, असा सवाल केला. ब्लेअर यांचा गुन्हा एवढाच की त्यांना युरो चलनाबद्दल ममत्व होतं. पत्राने पक्ष बदलला, युरोपवरची भूमिका सोडली नाही. इथे मालकाची मर्जी आणि वाचकाची नस यांचं गुळपीठ दिसतं.

‘डेली मेल’ची कथा आणखी बोलकी. १९७१ ते १९९२ संपादक होते युरोपला अनुकूल असलेले डेव्हिड इंग्लिश. त्यांच्या जागी आलेले पॉल डेकर कट्टर विरोधक. २०१६ मध्ये ‘डेली मेल’ने बाहेर पडा म्हटलं आणि त्याच मालकाच्या ‘मेल ऑन संडे’ने राहा म्हटलं. मर्डोक यांच्या घरातही ‘टाइम्स’ राहण्याच्या बाजूने आणि ‘संडे टाइम्स’ बाहेर पडण्याच्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये संसदेच्या संमतीशिवाय सरकारला बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करता येणार नाही असा निकाल आला, तेव्हा ‘डेली मेल’ने तीन न्यायाधीशांचे फोटो ‘जनतेचे शत्रू’ या मथळ्याखाली छापले. दोन वर्षांनी डेकर गेले, ‘मेल ऑन संडे’चेच संपादक जॉर्डी ग्रेग खुर्चीवर आले, आणि तेच पत्र तडजोडीच्या करारासाठी समजुतीची भाषा करू लागलं.

मग पेपर मतं घडवतात की नुसती वाचकांची री ओढतात? याचा छडा लावणं अवघड, कारण युरोपविरोधी माणूस युरोपविरोधी पेपरच विकत घेतो. पण इतिहासाने एक दुर्दैवी प्रयोग करून ठेवला आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिच्यात लिव्हरपूल संघाच्या ९७ चाहत्यांचा जीव गेला. चारच दिवसांनी ‘सन’ने ‘सत्य’ या मथळ्याखाली चाहत्यांवरच घाणेरडे आरोप केले आणि ते धादांत खोटे निघाले. लिव्हरपूल आणि आसपासच्या मर्सीसाइड भागाने ‘सन’वर बहिष्कार घातला तो आजतागायत. या बहिष्काराचा युरोपशी काडीचाही संबंध नव्हता. फ्लोरियन फूस आणि डॅनियल बिशॉफ या दोन राज्यशास्त्रज्ञांनी नेमकं हेच हेरलं आणि वर्षानुवर्षांच्या सर्वेक्षणांतून मर्सीसाइडची तुलना इंग्लंडच्या इतर भागांशी केली. ‘सन’ हातातून गेल्यावर तिथला युरोपविरोध इतरांच्या मानाने कमी झाला, विशेषतः कामगारवर्गात, असं त्यांना आढळलं. २०१६ मध्ये लिव्हरपूल शहराने ५८ टक्के मतं ‘राहू या’ला दिली. शहराचं राजकारण, तिथले आयरिश धागे, युरोपीय निधी ही कारणंही आहेतच. पण रोज सकाळी हाती पडणारा पेपर एखाद-दोन दिवसांत नाही, तर पंचवीस वर्षांत मन वळवतो, हे यातून कळतं.

म्हणूनच प्रचाराच्या शेवटच्या महिन्यांवर सगळं खापर फोडण्यात अर्थ नाही. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटने नऊ राष्ट्रीय पत्रांतले सार्वमतावरचे लेख तपासले तेव्हा ४१ टक्के बाहेर पडण्याच्या आणि २७ टक्के राहण्याच्या बाजूचे निघाले. पारडं झुकलेलं होतं खरं, पण जमीन तीस वर्षं आधीपासून नांगरलेली होती. शिवाय कित्येक वर्षं सगळ्याच पक्षांच्या मंत्र्यांनी घरच्या अप्रिय निर्णयांचं पाप ब्रसेल्सच्या माथी मारलं होतं. २०१६ मध्ये तेच मंत्री अचानक ब्रसेल्सची तळी उचलू लागले, तेव्हा लोकांनी ऐकावं तरी का?

नव्या जाती

सार्वमतानंतर जे घडलं ते त्याहून वेगळं. १९७५ मध्ये निकाल लागला आणि लोक आपापल्या पक्षांत परतले. २०१६ नंतर मात्र ‘रिमेनर’ (राहा म्हणणारे) आणि ‘लीव्हर’ (बाहेर पडा म्हणणारे) या ओळखी पक्षांहून घट्ट झाल्या. सारा होबोल्ट, थॉमस लीपर आणि जेम्स टिली यांच्या अभ्यासात दिसलं की लोक आपल्या बाजूच्या माणसांना प्रामाणिक, बुद्धिमान, मोकळ्या मनाचे मानतात आणि समोरच्यांना ढोंगी, स्वार्थी, कोत्या मनाचे. देशाची अर्थव्यवस्था बरी चालली आहे की वाईट, याचं उत्तरही कोणत्या बाजूला मत दिलं यावर ठरू लागलं. आकडे तेच, डोळे वेगळे. ज्या प्रश्नाकडे २०१० च्या आसपास सामान्य मतदार ढुंकूनही पाहत नव्हता, त्यावरून पाच-सहा वर्षांत सोयरीक जुळवताना विचार करायची वेळ आली.

स्कॉटलंडमध्ये याच गणिताचं उत्तर उलटं आलं. १९७५ मध्ये स्कॉटिश राष्ट्रवादी पक्ष युरोपच्या विरोधात होता आणि शेटलंड व वेस्टर्न आइल्स हे संपूर्ण ब्रिटनमधले ‘नाही’ म्हणणारे दोनच मतमोजणी विभाग तिथले. पुढे राष्ट्रवाद्यांना उमगलं की लंडनपासून सुटायचं तर युरोपचा हात धरणं सोयीचं. २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या बत्तीसच्या बत्तीस विभागांनी ‘राहू या’ म्हटलं.

या लढाईच्या मतदारयादीत आपलीही माणसं होती. मत देण्याचा अधिकार ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश, आयरिश आणि राष्ट्रकुलातल्या नागरिकांना होता. म्हणजे भारतीय पासपोर्टवर लंडनला नोकरी करणारा पुण्याचा इंजिनीअर ब्रिटनने युरोपात राहावं की नाही यावर मत देऊ शकत होता. गोव्यातून पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन गेलेल्यांचं उलटं. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्व देतो. त्या कागदावर हजारो गोवेकर इंग्लंडमध्ये स्थायिक झाले, त्यातले पुष्कळ स्विंडन या शहरात. कायद्याने ते युरोपीय, त्यामुळे ज्या प्रश्नावर त्यांचं तिथलं राहणं अवलंबून होतं त्यावरच त्यांना मत नव्हतं. स्विंडनने सुमारे ५५ टक्क्यांनी ‘बाहेर’ म्हटलं आणि या कुटुंबांना राहण्याच्या हक्कासाठी २०२१ च्या जूनअखेरपर्यंत नव्याने अर्ज करावे लागले. काकडी-केळ्याच्या मथळ्यांमधून ही माणसं कधी दिसलीच नाहीत.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडला, पण सवय गेलेली नाही. २०२३ मध्ये ऋषी सुनक यांच्या हुजूर सरकारने उत्तर आयर्लंडसाठी केलेल्या करारात तिथे काही युरोपीय नियम कायम राहिले. मे २०२५ मध्ये किएर स्टार्मर यांच्या मजूर सरकारने खाद्यपदार्थांच्या नियमांवर जुळवून घेण्याचं मान्य केलं आणि युरोपीय बोटींना मासेमारीची मुभा २०३८ पर्यंत वाढवली. या दुसऱ्या करारावर उजव्या पत्रांनी ‘शरणागती’ची राळ उडवली. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत मासेमारीचा वाटा एक टक्क्याच्या जवळपासही जात नाही. दोन्ही करारांवर प्रामाणिक टीका करायला भरपूर जागा आहे. पण ती प्रामाणिक आहे की नाही हे ओळखायची एक साधी कसोटी आहे : हेच कलम समोरच्या पक्षाच्या पंतप्रधानाने सही करून आणलं असतं, तर या पत्राने आज कोणता मथळा दिला असता? गेल्या पन्नास वर्षांत ब्रिटनमधली फार थोडी पत्रं या कसोटीला उतरली आहेत. वाचकाने ती आधी स्वतःच्या आवडत्या पेपरला लावावी, कारण दुसऱ्याच्या पेपरला आपण ती रोज लावतच असतो.